आय३-१२१००एफच्या भावाविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

माननीय ग्राहक महोदय,

इंटेलच्या आय३-१२१००एफ या प्रोसेसरबद्दल आपण एक स्टार देऊन लिहिले आहे की, प्रोसेसर बसवूनही स्क्रीन काळीच राहिली, 'एफ'च्या नावाखाली आम्ही खराब माल गळ्यात मारला आणि एका नगामागे हजार रुपये कमावले; आम्हाला 'लुटारू'ही म्हटले आहे. स्क्रीनबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग बंद असतो, म्हणून त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावेच लागते, हे काउंटरवरच्या मुलाने आपल्याला आधी सांगायला हवे होते.

माल मात्र खराब नाही. सहा कोरच्या (कोर म्हणजे गणना करणारा भाग) चिपमधले दोन कोर आणि ग्राफिक्स बंद करून इंटेल ती चार कोरची म्हणून विकते. एखाद्या भागात दोष निघालेली चिप फेकून न देता अशी वापरात आणता येते, म्हणूनच ती या भावात मिळते, आणि चालू भागावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते.

हजार रुपयांचे वाक्य मात्र जिव्हारी लागले. आपले बिल ६,४९० रुपयांचे आहे. त्यातले ९९० रुपये १८ टक्के जीएसटीचे, म्हणजे उरले ५,५००. आमची खरेदी कर सोडून ५,३५० रुपयांची. राहिलेल्या १५० रुपयांतून आपण क्रेडिट कार्ड दिल्यामुळे बँकेने सुमारे दोन टक्क्यांप्रमाणे १३० रुपये कापून घेतले. हाती आले वीस रुपये, आणि शनिवारी रात्री पावणेनऊला, शटर अर्धे खाली आलेले असताना, आमच्या मुलाने आपल्या मदरबोर्डवर प्रोसेसर आणि पंखा बसवून दिला, त्याचे काहीही घेतले नाही. ऑनलाइन ५,९०० रुपयांना म्हणून आपण मोबाइलवर जो दाखवलात, तो ट्रेचा, म्हणजे सुटा माल होता. त्यासोबत ना खोका, ना पंखा, ना कंपनीची थेट वॉरंटी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दहा पावलांवर दुसरे दुकान असताना भाव चढवून आम्ही टिकणार तरी कसे?

स्वस्त प्रोसेसर आम्ही ठेवतो तो गिऱ्हाईक पूर्ण पीसी जोडून घेईल आणि कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांवर चार पैसे सुटतील, या हिशेबाने. आपण फक्त प्रोसेसर घेतलात, याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या दिवाळीआधी दहा नग भरले आणि नगामागे तीनशे रुपयांनी भाव उतरला, ते तीन हजार आमच्याच खिशातून गेले. त्याचा भार एकाही गिऱ्हाइकावर टाकला नाही. वर्षानुवर्षे पक्क्या बिलाने धंदा करणाऱ्याला 'लुटारू' हा शब्द फार लागतो.

'एफ'विषयीची पाटी लवकरच लावू आणि मुलांनाही समज देऊ. खोका व प्रोसेसर सुस्थितीत असल्यास फरकाची रक्कम घेऊन ग्राफिक्स असलेला १२१०० बदलून देण्याचा प्रयत्न करू. येताना बिल आणावे आणि शक्यतो साडेसातच्या आत यावे, म्हणजे चालू करून दाखवता येईल.

आपला नम्र,
दुकानमालक