कार्ड आहे का?

आज ऑफिस सुटल्यावर नेहमीसारखी आझाद मैदानावरून सीएसएमटीला निघाले होते. फाटकाशी एक मुलगा स्टिकला मोबाईल लावून आतल्या आंदोलनाचं लाईव्ह करत होता. बावीस-तेवीसचा असेल. पाठीला सॅक, सॅकच्या चेनमधून चार्जिंगची वायर बाहेर आलेली. हवालदारानं विचारलं, "कार्ड आहे का?" पोरगं तोंड उघडायच्या आत शेजारचा एका चॅनलचा कॅमेरामन म्हणाला, "सोडा ओ साहेब, यूट्यूबर आहे." हवालदार हसला, कॅमेरामन हसला, आणि ते पोरगंही हसलं. ते त्याचं हसणं माझ्या डोक्यात गेलंय. लोकलमध्ये उभ्यानं टाईप करतेय, चुका पोटात घाला.

यूट्यूबर आहे म्हणजे काय रे? सकाळपासून उन्हात उभा होता की नाही तुझ्याशेजारी?

माझ्या आत्याची गोष्ट इथल्या निम्म्या लोकांना पाठ आहे, तरी परत सांगणार. आत्या शहापूरकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका. ४ डिसेंबर २०२३ ला सेविकांचा संप सुरू झाला तो पन्नासहून जास्त दिवस चालला. जानेवारीत ती मैदानावर आली होती, रात्री आमच्याकडे कल्याणला उतरणार होती. साडेआठ वाजले तरी पत्ता नाही, फोन बंद. बाबा गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागले. मी सगळी न्यूज चॅनलं फिरवली, एक सेविका दिसेल तर शपथ. तीन पक्षांचे तीन प्रवक्ते एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. मग फेसबुकवर शोधता शोधता एक लाईव्ह सापडलं. बघणारे ४३. त्या पोरानं अजिबात घाई न करता मोबाईल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, आणि ताडपत्रीच्या कडेला आमची आत्या! स्वेटरवरून पदर घट्ट गुंडाळून भाकरी-चटणी खात होती. बाबा म्हणाले, "आवाज वाढव." ती बोलत नव्हतीच काही, नुसती जेवत होती. तरी मी वाढवला.

दादर गेलं. आता जरा टेकायला मिळालंय.

मोर्चा मंत्रालयापर्यंत जाऊ देत नाहीत हे आपल्याला ठाऊकच आहे. नाशिकहून पायी या, गडचिरोलीहून या, मुंबईत तुम्हाला त्या मैदानाच्या कोपऱ्यात बसवणार. पलीकडे क्रिकेट चालू, अलीकडे तुम्ही. माणसं जिथे पोचू शकत नाहीत तिथे निदान त्यांचा आवाज पोचावा म्हणून ही पोरं पदरचा डेटा जाळतात. २०१८ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून निघाला तेव्हा पहिले दोन-तीन दिवस मला तरी टीव्हीवर दिसला नाही. सोललेले पाय मी आधी मोबाईलवर पाहिले. आणि आरे आठवा. ४ ऑक्टोबर २०१९. मेट्रो कारशेडसाठी तिथली झाडं तोडू नका म्हणणाऱ्या याचिका हायकोर्टानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू. लाईव्हवर काळोखात झाड दिसत नव्हतं, नुसती घरघर ऐकू येत होती. ती ऐकून लोक घरातून निघाले. सोमवारी सुप्रीम कोर्टानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. लाईव्हनं झाडं वाचली नाहीत, मान्य. पण गुपचूप तर तोडता आली नाहीत.

आणि मागतात कार्ड! कार्ड म्हणजे चॅनलचं ओळखपत्र, नाहीतर सरकारची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता. ज्या सरकारपुढे बाया बसल्यात तेच ठरवणार खरा पत्रकार कोण ते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी आपल्याकडे २०१७ चा कायदा आहे, पण त्यातला पत्रकार म्हणजे माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर असलेला. उद्या कुणी या पोराचा मोबाईल आपटून फोडला तर तो त्यात बसतच नाही. काम करतो, पण पत्रकार नाही. आत्यासारखंच. तीस वर्षं पोरांची वजनं घेतेय, पण कर्मचारी नाही, 'मानसेवी'.

त्या रात्री त्या पोरानं शेवटी तिच्यापुढे माईक धरला. सहा मिनिटं बोलली. मध्ये तोडलं नाही तिला कुणी. "पगार नाय म्हणत त्याला, मानधन म्हणतात. धा हजार. कोर्टानं २०२२ ला सांगितलं यांना ग्रॅच्युइटी द्या, मग आम्ही हितं थंडीत कशाला बसलोय?" बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिचं भाषण ऐकलं. डोळे पुसून म्हणाले, कॅमेरा हलतोय फार.

घाटकोपरला शेजारची बाई वाकून माझा स्क्रीन वाचत होती. वाचा ताई.

बरं, या पोरांतही दिवटे आहेत. रडणाऱ्या बाईच्या नाकाशी मोबाईल धरणारे, थंबनेलवर धडधडीत खोटं लिहिणारे, पाकिटावर चालणारे. असतील. पाकिटं फक्त यांच्याकडेच जातात का?

एक गोष्ट मात्र मलाही टोचते. लाईव्हमध्ये चेहरे दिसतात. त्या संपात सेविकांना नोटिसा येत होत्या, आणि आत्याच्या मुख्यसेविकेनं, म्हणजे तिच्या वरच्या बाईंनी, तो व्हिडिओ पाहिलाच. तिला बोलावून ऐकवलं. बाबांना ज्यामुळे झोप लागली त्याच व्हिडिओनं आत्याची उडाली. याला माझ्याकडे उत्तर नाही.

ठाणे आलं तोवर त्या कॅमेरामनवरचाही राग निवला. त्याचाही पट्टा खांद्यात रुतला होता, तो सारखा जागा बदलत होता. त्यालाही घरी जायला दहा वाजणार. तरीही हसायला नको होतं.

घरी पोचले. पोस्ट टाकायच्या आधी आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं, हवालदार, कार्ड, यूट्यूबर. ती पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती भरत बसली होती, रेंज गेली की परत पहिल्यापासून. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवला होता का गं तो?"

मी नव्हतं विचारलं.