हंस, बदक आणि बार्सिलोना

लग्नाला 25 वर्षं झाली, चार दिवस बार्सिलोनाला जाऊन येऊ, असं मी एका बेसावध संध्याकाळी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी समोर एक्सेल शीट. दिवस, वेळ, ठिकाण, तिकीट, चालायचं अंतर आणि शेवटचा कॉलम : गोळ्या.

"अहो, तिथे रात्री नऊशिवाय जेवत नाहीत म्हणे. तुमची जेवणानंतरची गोळी कधी घ्यायची?"

आधी व्हिसा. माणशी 90 युरो, 30,000 युरोचा मेडिकल विमा, बँकेचे कागद आणि कुठल्या दिवशी कुठे असणार याचा तक्ता. चष्म्यावर चकाकी आली म्हणून माझा फोटो खिडकीवरूनच परत आला. दुसरा चष्म्याशिवाय काढला. समोरचं काही दिसत नसलेला माणूस त्यात अगदी स्पष्ट आलाय.

आईनं साजूक तुपाची बरणी पुढे केली. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मग जाताय कशाला?"

खरा घोळ साग्रादा फामिलियाचा. हे चर्च 1882 साली बांधायला घेतलं. पुढच्याच वर्षी गाऊदी नावाच्या वास्तुविशारदानं ते हाती घेतलं, 1926 साली ट्रामची धडक बसून तो गेला, तरी बांधकाम आपलं चालूच. (आमच्या बिल्डरच्या कानावर हे जाऊ देऊ नका.) आपण मात्र तिकिटावरच्या वेळेलाच दारात हजर पाहिजे. म्हणजे त्यांचं शतक उलटलं तरी चालतं, आमचे सव्वानऊ टळता कामा नयेत! मनोऱ्याचं तिकीट वेगळं. वर लिफ्टनं नेतात, खाली पायी उतरायचं. आम्हा दोघांचे मिळून गुडघे चार, पैकी चालू दोन. मनोरा रद्द.

माझी मागणी एकच होती. जुन्या गॉथिक वस्तीतल्या कॅथेड्रलच्या अंगणात 13 पांढरे हंस पाळलेत. तेराव्या वर्षी हुतात्मा झालेल्या संत युलालियाची आठवण म्हणून तेरा. मला ते मोजायचे होते.

"हंस नाहीत हो, बदकं आहेत."

"बदकाची मान एवढी लांब असते का?"

"मग हंसाची एवढी आखूड असते?"

यावर अर्धा तास गेला. शब्दकोश निघाला, तो हंसाच्या बाजूनं बोलतोय असं वाटताच मिटला. व्हॉट्सॲपवर मेहुणीला फोटो गेला. तिनं 'किती गोड!' एवढंच कळवून अंग काढून घेतलं. तोवर तिकडे सव्वानऊची वेळ दुसऱ्या कुणीतरी पटकावली. आता सव्वाचार. म्हणजे समुद्रकिनारा पुढे ढकला, म्हणजे जेवण मागे, म्हणजे गोळी.

काल व्हिसा आला. शीट पुन्हा उघडली. तिसरा दिवस, सकाळी अकरा ते साडेअकरा : 'बदकं'. आणि पुढे कंसात, 'हे एकटे जातील'.