कार्बन कॅप्चरचं अनुदान सगळं पाण्यात गेलं? तोच रिपोर्ट जरा पुढे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, थोडक्यात असा: कारखान्यांचा कार्बन पकडायच्या (म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीत गाडायच्या) नावाखाली सरकारं तेल कंपन्यांना फुकट पैसे वाटतायत, अमेरिकेने 684 मिलियन डॉलर घातले आणि आठातला एकच प्रोजेक्ट उभा राहिला, जमिनीत गाडलेला गॅस परत बाहेर येणारच, त्यापेक्षा तेवढ्यात सोलर लावा नाहीतर झाडं लावा, आणि द्यायचेच असतील तर काम झाल्यावर द्या. पुढे पाठवायच्या आधी म्हटलं जरा खणून बघू. सगळं खोटं नाहीये, हीच खरी पंचाईत.

"आठातला एकच" हा आकडा बरोबर आहे. अमेरिकेच्या जीएओ या सरकारी ऑडिट संस्थेने डिसेंबर 2021 च्या रिपोर्टमध्ये तो दिला, आणि तो एकुलता एक म्हणजे टेक्सासचा पेट्रा नोव्हा, जो 2020 मध्ये तेलाचे भाव पडल्यावर बंद पडला आणि 2023 मध्ये परत सुरू झाला. पण हे आठही प्रोजेक्ट कोळशाच्या वीजकेंद्रांचे होते! कारखान्यांचा हिशोब त्याच रिपोर्टमध्ये वेगळा मांडलाय, तो मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळला. तिथे तीन प्रोजेक्टना पैसे मिळाले, एक रद्द झाला, दोन उभे राहिले आणि चालले. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरला हायड्रोजन बनवणारा एअर प्रॉडक्ट्स कंपनीचा प्लांट 2013 पासून वर्षाला साधारण 10 लाख टन पकडायला लागला आणि इलिनॉयमधल्या डिकेटरचा इथेनॉलचा प्लांट 2017 पासून. फरक का पडला? एक कारण म्हणजे धुरात गॅस किती दाट आहे. इथेनॉल आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास शुद्धच असतो, कोळशाच्या धुराड्यात तो 12 ते 14 टक्के असतो, म्हणजे बाकीच्या हवेतून तो वेचून काढायचा, आणि त्या वेचण्यातच सगळा खर्च.

अनुदान देताना सरकारने माती खाल्ली हे मात्र मी मान्य करतो. वाटाघाटी घाईत उरकल्या, ठरलेले टप्पे गाठले नसतानाही पैसे सोडत राहिले, आणि कधीच न बांधलेल्या चार प्रोजेक्टवर 472 मिलियन डॉलर गेले. पण यातून निघतं ते एवढंच की पैसे देण्याची पद्धत चुकली. तंत्रच फसवं आहे हे त्यातून कसं निघतं?

"सोलर लावा." जरूर लावा, विजेसाठी. पण सिमेंटचं काय करणार? 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत घातली की 56 ग्रॅम चुना उरतो आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कारण तो त्या दगडातच होता. भट्टी सोलरवर तापवा नाहीतर कशावरही, ते 44 ग्रॅम जाणारच. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी साधारण 60 टक्के असा दगडातूनच येतो, आणि जगाच्या कार्बनमध्ये सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे. मे 2025 मध्ये अमेरिकेने 3.7 बिलियन डॉलरची 24 अनुदानं एका झटक्यात रद्द केली, त्यात सिमेंटवालेही गेले, आणि त्यांच्यासाठी सोलर हा पर्याय नव्हताच. झाडांबद्दल एकच, झाड जळलं की त्यातला कार्बन परत हवेत. लावा, पण या हिशोबात धरू नका.

"तेल कंपन्यांना फुकट." अर्धं खरं. पेट्रा नोव्हाचा गॅस तेलाच्या विहिरीत जास्त तेल काढायला वापरला, पोर्ट आर्थरचाही, आणि जनतेच्या पैशातून हे करणं मलाही पटत नाही. पण नॉर्वेचं ब्रेविक बघा. तिथल्या सिमेंट प्लांटमध्ये 2025 पासून वर्षाला 4 लाख टन पकडायची सोय झालीये, तो गॅस जहाजाने जातो आणि समुद्रतळाखाली 2,600 मीटरवर मुरवला जातो. त्या अख्ख्या योजनेचा साधारण दोन तृतीयांश खर्च सरकारने उचललाय. का उचलावा? कारण कार्बन हवेत सोडणं जिथे फुकट किंवा स्वस्त आहे तिथे तो पकडून कंपनीला मिळतं काय, ठेंगा! कार्बनवर टॅक्स लावा असं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूने, नॉर्वेने 1991 मध्ये तो लावला आणि 1996 पासून उत्तर समुद्रातल्या तिच्या स्लाइपनर या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात कार्बन डायऑक्साइड समुद्राखाली गाडणं सुरू झालं.

"काम झाल्यावर पैसे द्या" हे ऐकायला एकदम पटतं, आणि युरोपने ते करून पाहिलंय. एनईआर300 नावाची योजना बहुतेक तशीच होती. त्यातून कार्बन कॅप्चरच्या एकाच प्रोजेक्टला 300 मिलियन युरो मंजूर झाले, ब्रिटनच्या व्हाइट रोजला (तोही कोळशाचाच, नशीब बघा), मग ब्रिटनने 2015 मध्ये स्वतःची 1 बिलियन पाउंडची कार्बन कॅप्चर अनुदानाची स्पर्धाच रद्द केली आणि तो गुंडाळला गेला. उभारायलाच पैसा नाही तर काम होणार कुठून? म्हणून युरोपच्याच नंतरच्या इनोव्हेशन फंड या योजनेत 40 टक्क्यांपर्यंत रक्कम प्लांट सुरू व्हायच्या आधी, पण ठरलेले टप्पे गाठले तरच मिळते, आणि बाकीची नंतर, कार्बन खरंच किती घटला ते तपासून. शिवाय हा पैसा वीजकेंद्रांनी आणि कारखान्यांनी कार्बन सोडायचे परवाने विकत घेऊन भरलेला, तुमच्याआमच्या इन्कम टॅक्समधला नाही.

"गॅस परत बाहेर येणारच." स्लाइपनरला 1996 पासून खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात गॅस भरतायत आणि भूकंपलहरींनी पुन्हापुन्हा तपासतायत, तो तिथेच आहे. उलट डिकेटरला 2024 मध्ये द्रव परवानगी नसलेल्या थरात शिरल्याचं कळलं, नोटीस आली, भरणं थांबवलं. म्हणजे नजर ठेवावी लागते, आणि तो खर्च अनुदानाच्या अटीतच बसवायला हवा.

आता मेसेजमध्ये नसलेला खरा कच्चा दुवा सांगतो. ब्रेविकसारख्या प्लांटमध्ये धूर अमाईनच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणारं एक रसायन) द्रावणातून नेतात, साधारण 40 अंशाला ते गॅस धरून ठेवतं, मग 120 अंशाच्या आसपास तापवून तो सोडवून घ्यायचा, आणि या तापवण्यालाच प्रचंड उष्णता लागते. ब्रेविकला ती भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून घेतात, ती पुरते प्लांटच्या जवळपास निम्म्या कार्बनपुरती. बाकीचा निम्मा आजही धुराड्यातूनच जातो. हे लिहिलं असतं तर मी गुपचूप पुढे पाठवलं असतं.