धातू खाणारे जिवाणू आणि बंड्याची बाटली

"शिसं, कॅडमियम, काही शिल्लक राहत नाही! जिवाणू सगळं फस्त करतात." बंड्याने कट्ट्यावर टेकायच्या आधीच जाहीर केलं. शेतात जिवाणू सोडले की मातीतले विषारी धातू नाहीसे होतात आणि पीक जोमात येतं, अशी बातमी सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती, त्यामुळे कुठली म्हणून कुणी विचारलं नाही.

सुमाताईंची उभी हयात माती तपासण्यात गेलेली. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "फस्त करून कुठे ठेवतात?"

"म्हणजे?"

"अरे, कॅडमियम मूलद्रव्य आहे. मातीत तेल सांडलं तर जिवाणू ते तोडून टाकतील. मूलद्रव्य त्यांच्या बापाला तुटणार नाही. फार तर रूप बदलेल. सहा संयुजेचा क्रोमियम ते तीनवर आणतात, विष पुष्कळ उतरतं. पण क्रोमियम शेतातच!"

"मग पीक जोमात येतं ते कसं?" तात्यांनी विचारलं.

"धातूच्या जाचाने रोप इथिलीन नावाचा वायू जास्त बनवतं, मूळ आखडतं. स्यूडोमोनास, बॅसिलस या जिवाणूंच्या काही जातींकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, एसीसी डीअमिनेज. इथिलीनचा कच्चा मालच ते तोडून टाकतं. मूळ मोकळं सुटतं. शिवाय काही जिवाणू चिकट द्रव सोडतात, त्यात धातू अडकून बसतो."

"मग मी वेगळं काय बोललो?" बंड्या उसळला.

"पीक हिरवंगार दिसणं वेगळं, दाणा खाण्याजोगा असणं वेगळं. काही जिवाणू आम्ल सोडून धातू सुटा करतात, मग तो मुळातून वर चढतो. जमीन साफ करायला मोहरी लावून कापून न्यायची असेल, तर तेच हवेत. खायच्या पिकाला घातलेस तर विष ताटात. जपानात जिन्झू नदीच्या पाण्यावरच्या भातातून कॅडमियम पोटात गेलं, माणसांची हाडं मोडायला लागली. रोगाचं नावच इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारने मान्य केलं."

"आणि ती कापलेली मोहरी टाकायची कुठे?" तात्या.

"बंड्याच्या दारात."

"ताई, तुम्ही प्रत्येक नव्या गोष्टीला आडव्या येता. गांडूळखताच्या वेळीही..."

"त्या वेळी पहिल्या पावसात गांडुळं पिंपातून पळाली, आणि तू म्हणालास, निसर्गात स्थिरावली."

"स्थिरावलीच!"

मी गप्प. त्या पिंपात माझेही पैसे होते.

बंड्याने शेवटचा पुरावा म्हणून पिशवीतून बाटली काढली. जिवाणू संवर्धक, द्रवरूप. बूच फुगून वर आलेलं.

"गाडीत किती दिवस होती?" सुमाताई जरा मागे सरकल्या.

"आठवडा. काचेपाशी, छान ऊन मिळत होतं."

"रोप आहे का ते, ऊन द्यायला? सावलीत ठेवायची असते! उघडू न..."

फस्स! निम्मी बाटली तात्यांच्या सदऱ्यावर. असा आंबूस भपकारा सुटला की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"बघा, जिवंत आहेत!" बंड्या.

"आहेत खरे," नाकाला पदर लावत सुमाताई म्हणाल्या, "कुठले, ते विचारू नकोस."

तात्या सदरा पिळत होते. "बंड्या, धातूचं नंतर बघू. आधी हे फस्त करणारा कोणी असेल तर आण."