गोल फोटोच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आईंच्या पंच्याहत्तरीच्या बॅनरसाठी गोल फोटो मागितला तर पांढरे कोपरे असलेला चौकोनी दिला, त्यात आई लांबट दिसतायत, आणि मोबाईलवर दोन मिनिटांत होणाऱ्या कामाचे 150 रुपये घेतले. एक स्टार बघून वाईट वाटलं, पण कार्यक्रम रविवारी आहे म्हणून आधी कामाचं बोलतो.

तुमची फाईल आत्ता परत उघडून बघितली, कोपरे रिकामे आहेत, पांढरे नाहीत. फोटोची कुठलीही फाईल चौकोनीच असते, गोलाबाहेरचा भाग ट्रान्सपरंट म्हणजे आरपार केला की ती गोल दिसते एवढंच. पीएनजी आणि जेपीजी हे फोटो फाईलचे दोन प्रकार, पीएनजीत ते ट्रान्सपरंट टिकतं, जेपीजीत टिकत नाही, तिथे कोपरे पांढरे नाहीतर काळे भरून येतात. म्हणूनच आम्ही फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली. तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय की फ्लेक्सवाल्याला ती गॅलरीतून फोटो म्हणून गेलीय, आणि फोटो म्हणून गेली की व्हॉट्सअ‍ॅप तिची जेपीजी करतं, साईजही कमी करतं, मग बॅनरच्या मरून बॅकग्राउंडवर ते कोपरे डोळ्यात येणारच.

लांबट दिसतायत त्याचं पण सांगतो. आमचा गोल शिफ्ट दाबून काढलेला आहे, म्हणजे सगळीकडून सारखा, रुंदी 2400 पिक्सेल आणि उंचीही 2400. दोन फुटांच्या गोलाला 100 डीपीआय, म्हणजे इंचाला 100 पिक्सेल पडतात, फ्लेक्सला भरपूर झालं. फ्लेक्सवाल्याच्या प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, बाजूची अक्षरं मोठी घेतलीयत आणि फोटो आडवा दाबून बसवलाय. त्यांना सांगा फोटोभोवतीच्या ओढायच्या खुणांपैकी मधल्या हँडलने ओढू नका, कोपऱ्याच्या हँडलने लहानमोठा करा.

आता 150 रुपये. माणूस मधोमध असेल, आजूबाजूला जागा असेल तर मोबाईलवर खरंच पटकन होतं, तसा फोटो असता तर आम्हीच सांगितलं असतं घरी करा म्हणून. तुमचा लग्नातला ग्रुप फोटो, आई कडेला उभ्या आणि अंबाड्यावरचा गजरा फोटोच्या वरच्या कडेला टेकलेला. गोल वर अरुंद होत जातो, त्यामुळे चौकोनात बसणारा गजरा गोलात दोन्हीकडून कापला जात होता. मग वर पडद्याच्या चुण्या जुळवत बॅकग्राउंड वाढवलं, शेजारच्या बाईंचा खांदा काढला, त्या खांद्यामागे डाव्या कानातली मोत्याची कुडी अर्धी झाकलेली ती उजव्या कानातली बघून पूर्ण केली, आणि केसांच्या कडेला मास्कवर (कुठला भाग दिसेल, कुठला झाकला जाईल ते ठरवणारा थर) बारीक ब्रशने काम केलं. पांढरे केस गडद पडद्यावर होते, घाईत कापले असते तर कातरल्यासारखे दिसले असते. आईंचा फोटो सगळे नातेवाईक बघणार, तिथे आम्हाला घाई करवत नाही.

बॅनर छपाईला सोडला नसेल तर आजच थांबवा. फ्लेक्सवाल्याचा ईमेल आम्हाला द्या, पीएनजी आम्ही थेट त्यांना पाठवतो, आणि सोबत न कापलेला चौकोनी फोटोपण देतो, ते कोरल ड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर काम करत असतील तर त्यातल्या पॉवरक्लिपने, म्हणजे फोटो आकारात बसवायच्या सोयीने, स्वतःच गोलात बसवतील. याचे काही पैसे नाहीत. नवीन प्रूफ आलं की ओके म्हणायच्या आधी आम्हाला फॉरवर्ड करा, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं आहे.