रात्री गेलेले फोन, एसएमएसचे बिल आणि 'तयार सॉफ्टवेअर': आमचे उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दवाखान्यातील रुग्णांना भेटीची आठवण करून देणाऱ्या आमच्या फोनसेवेला आपण एकच तारा दिला आणि तीन आक्षेप नोंदवले: रुग्णांना रात्री साडेअकराला फोन गेले, एसएमएसचे बिल दुप्पट आले आणि आम्ही 'फुकटचे तयार सॉफ्टवेअर नवे म्हणून गळ्यात मारले'.

रात्रीच्या फोनची चूक सर्वस्वी आमची आहे. फोन न उचलल्यास तो पुन्हा लावणारा घटक आम्ही मुळात एका मालवाहतूकदार ग्राहकासाठी लिहिला होता. त्यांच्या चालकांना अपरात्री फोन जाणे अपेक्षितच असल्यामुळे त्यात वेळेची मर्यादा नव्हती, आणि तोच घटक आपल्याकडे बसवताना ही उणीव आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. आजारी माणसाच्या घरी अशा वेळी फोन वाजला की काळजात धस्स होते, याची आम्हाला जाणीव आहे. आता पहिल्या व शेवटच्या फोनची वेळ भरल्याशिवाय हा घटक सुरूच होत नाही. तो वापरणाऱ्या सर्वच ग्राहकांकडे ही दुरुस्ती केली आहे.

'तयार सॉफ्टवेअर'चा आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. फोन लावणे, ध्वनिमुद्रित निरोप ऐकवणे, दाबलेला आकडा ओळखणे ही कामे ॲस्टेरिस्क करते; ही मुक्त प्रणाली १९९९ पासून उपलब्ध आहे आणि आपण ती वापरणार आहोत, हे आमच्या दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते. आम्ही पैसे घेतले ते हे सुटे घटक आपल्या भेटींच्या नोंदींशी जोडून चालते ठेवण्याचे. डॉक्टर अचानक रजेवर गेले तेव्हा 'भेट पुढे ढकलण्यासाठी २ दाबा' ही सोय एका दुपारीत देता आली, ती याच रचनेमुळे.

राहिले बिल. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले जात असल्याने 'डॉक्टर' हा दिसायला तीन अक्षरांचा शब्द सहा चिन्हे खातो. आपला संदेश ९२ चिन्हांचा होता, म्हणून प्रत्येक वेळी दोन संदेशांचे पैसे लागले. हे आम्ही आधीच सांगायला हवे होते. रुग्णाचे नाव लांबलचक असले तरी ७० च्या आत बसेल असा मसुदा ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांनुसार डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक संदेशांचे मसुदे नोंदवण्याच्या प्रणालीवर, मंजुरीसाठी दिला आहे. मंजुरी मिळेपर्यंत दुसऱ्या संदेशाचा खर्च आम्ही सोसू, आणि आतापर्यंतची जादा रक्कम पुढील बिलातून वजा होईल.

आपला विश्वासू,
संचालक