वजा चार दिवसांचा पेशंट

अकरावीला गणित सोडून बायोलॉजी घेणाऱ्या मुलाची एकच माफक अपेक्षा असते: यापुढे आकडेमोड नको. नीटच्या फिजिक्सपुरतं काय ते सोसायचं, एकदा एमबीबीएसला नंबर लागला की सुटलो. मग कधीतरी पीएसएमच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाच्या, जाडजूड पुस्तकात, पार मागच्या पानांत, बायोस्टॅट, म्हणजे वैद्यकातलं संख्याशास्त्र, नावाचं प्रकरण निघतं. वर्गातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, यावर किती मार्कांचं येतं?"

आकडा फार मोठा नसतो. तो ऐकून निम्मा वर्ग प्रकरण तिथल्या तिथे ऑप्शनला टाकतो.

आम्हा शिकवणाऱ्यांना याचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. ही मुलं गणितात मुळीच कच्ची नसतात. थिअरीला 75 टक्के हजेरी लागते, प्रॅक्टिकलला 80. साठ लेक्चरं असली तर पंधरा बुडवता येतात, अकरा बुडवून झाली, उरलेली चार गणपतीसाठी राखायची, हा हिशेब शेवटच्या बाकावर तोंडी होतो. नीटला बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1 आणि पर्याय चार. म्हणजे डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी पाव मार्क पदरात पडतो, हेही त्यांना ठाऊक असतं. तीच गोष्ट आम्ही सिग्मा, म्हणजे बेरजेचं चिन्ह, काढून फळ्यावर लिहिली की त्याच मुलांना दरदरून घाम फुटतो.

प्रॅक्टिकलला येतं तसलं एक गणित घ्या. सात पेशंट, वॉर्डात राहिल्याचे दिवस 2, 3, 3, 4, 4, 5 आणि 35. बेरीज 56, सरासरी 8. आता वॉर्डात जाऊन बघा. सहा जण पाचव्या दिवसापर्यंत घरी गेले, सातवा पस्तीस दिवस ठाण मांडून बसला, आणि आठ दिवस राहिलेला माणूस औषधालाही सापडत नाही. मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला, येतो 4. तो खरं सांगतोय, पण त्याच्यासाठी भागाकार करावा लागत नाही, म्हणून मुलांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

पुढे स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी), म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पांगलेत त्याचं माप. प्रत्येक आकड्यातून 8 वजा करा, वर्ग करा, बेरीज 856. तिला 7 ने नाही, 6 ने भागायचं, कारण सरासरी त्याच सात आकड्यांतून काढली, त्यात एकाचं स्वातंत्र्य गेलं. इथे बरेच जण सातने भागून मोकळे होतात. काही वर्गमूळ विसरतात. त्यांचं उत्तर 142 च्या वर जातं आणि तेही ठामपणे, खाली दोन रेघा मारून. ज्यांचं सगळं बरोबर येतं ते लिहितात: 8 ± 12 दिवस. म्हणजे खालच्या टोकाला वजा चार. पेशंट ॲडमिट व्हायच्या चार दिवस आधीच डिस्चार्ज घेऊन गेला! त्याचा केस पेपर कोणी काढला, सलाईन कोणाला लावलं, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर जुळलेलं असतं. दिवसांचा एसडी सरासरीपेक्षा मोठा दिसला की डेटा एका बाजूला लवंडलाय हे ओळखायचं आणि मीडियन, इंटरक्वार्टाइल रेंज (मधले निम्मे आकडे जेवढ्यात बसतात तो पट्टा) द्यायची. हे वाक्य दरवर्षी सांगून होतं. 8 ± 12 ही दरवर्षी येतं.

टेस्टांच्या बाबतीत मुलांची स्मरणशक्ती निवडक असते. दोन गटांच्या सरासऱ्यांत खरंच फरक आहे का ते बघणाऱ्या टी टेस्टमागे 1908 साली डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला विल्यम गॉसेट होता, हे सांगितलं की मागचे बाक जागे होतात. बिअर संपली की पुन्हा झोपतात.

दोन बाय दोनच्या टेबलाची तऱ्हा आणखी न्यारी. वर आजार, डाव्या बाजूला टेस्ट, असं मांडायचं असतं. उलटं मांडून नेहमीचा फॉर्म्युला लावला की सेन्सिटिव्हिटीच्या (आजाऱ्यांपैकी किती जणांना टेस्ट पकडते) जागी पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती) निघते, आणि वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन्हींची व्याख्या मात्र शब्दाला शब्द बरोबर सांगितली जाते. यात आपलीच मुलं मागे आहेत असंही नाही. 1978 साली हार्वर्डच्या इस्पितळांत 60 जणांना, म्हणजे विद्यार्थी, ज्युनिअर आणि मोठे डॉक्टर सगळ्यांना, एक प्रश्न विचारला होता: हजारात एकाला होणारा आजार, टेस्टचे फॉल्स पॉझिटिव्ह 5 टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत लाडकं उत्तर आलं 95 टक्के. खरं तर हजार माणसं डोळ्यांसमोर आणली की झालं: खरा आजारी एक, उगाच पॉझिटिव्ह आलेले पन्नास, म्हणजे एक्कावन्नात एक, जेमतेम 2 टक्के. साठपैकी 11 जणांना आलं. यातला एकही आकडा पाचवीच्या मुलाला जड नाही. ज्याची टेस्ट पॉझिटिव्ह येते तो मात्र रात्रभर जागा राहतो, आणि त्याला समजावणारा डॉक्टर 95 टक्क्यांवाला निघाला तर कुटुंबही जागं राहतं.

एमबीबीएस एकदाचं सुटतं आणि एमडीला थिसिस येऊन उभा राहतो. मग आमच्या खोलीबाहेर रांग लागते. जेआर वन, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणतो, "सर, सॅम्पल साइज साठपर्यंत बसवता येईल का? गाईड मॅडम म्हणाल्या, ओपीडीला तेवढेच मिळतील." फॉर्म्युला साधा आहे: 4 गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालवून घ्यायची चूक. आजाराचं प्रमाण 20 टक्के धरा. चूक त्याच्या दहा टक्के चालवली, म्हणजे एल 2, तर 1600 पेशंट. डॉक्टर खुर्चीत खचतो. वीस टक्के चालवली, एल 4, तर 400. तो पाणी मागतो. मग कुणीतरी सीनिअर शिकवून ठेवतो की सरळ एल 10 घे. 64 येतात आणि खोलीत उजेड पडतो. कार्यालय किती माणसांचं आहे ते बघून आमंत्रणाची यादी कापावी, तसा हा प्रकार. याचा अर्थ एवढाच की उत्तर 10 ते 30 टक्क्यांत कुठेतरी असेल, आणि तेवढं ओपीडीतल्या सिस्टरलाही माहीत होतं. एथिक्स कमिटीला फॉर्म्युला दिसतो, ती पुढे सरकते.

खरं मरण असतं मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या पेशंटांची माहिती भरलेल्या एक्सेलच्या तक्त्यात. लिंगाच्या रकान्यात कॅपिटल एम, स्मॉल एम, आख्खं 'मेल' आणि एका जागी ई गळालेलं 'मेल'. आपल्याला सगळे पुरुष दिसतात, सॉफ्टवेअर चार जातींचे पुरुष मोजून देतं. हिमोग्लोबिनच्या रकान्यात एकाने 13.5 पुढे 'ग्रॅम' लिहिलं की तो आकडा आकडा राहत नाही, सरासरीतून गुपचूप गळतो. बीपी 130/80 एकाच घरात. वय माहीत नाही म्हणून 99 टाकलेलं, आणि मग अभ्यासातल्या लोकांचं सरासरी वय गाईडच्या वयापुढे जातं. तापाचे तीन दिवस डॉक्टरी सवयीने 3/7 लिहिले की एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं. आधी एक पान कोड लिहा, पुरुष 1, स्त्री 2, रिकामं ते रिकामंच ठेवा, एवढं सांगितलं की समोरून येतं, "सर, आता सबमिशनला चार दिवस राहिलेत."

शेवटी सगळ्यांचा जीव पी व्हॅल्यूत अडकलेला. खरा फरक काहीच नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची ही शक्यता, आणि ती 0.05 च्या खाली हवी असते. 0.04 आली की पेढे, 0.06 आली की सुतक. सुतकातला रेसिडेंट विचारतो, "सर, दुसरी एखादी टेस्ट लावून बघू या का?" वीस गोष्टी तपासल्या तर काहीही नसताना एखादी तरी 0.05 च्या खाली येण्याची शक्यता 64 टक्के असते, म्हणून बघत राहिलं की काहीतरी सापडतंच. टेबलात एका खणात दोनच पेशंट, अपेक्षित आकडा पाचच्या खाली, तरी 'काय-स्क्वेअर' टेस्टच हवी, कारण अशा छोट्या आकड्यांना चालणाऱ्या फिशर एक्झॅक्ट टेस्टचं नाव उच्चारताना बोबडी वळते. सॉफ्टवेअर 0.000 छापतं, तेही तसंच उतरवलं जातं, 0.001 पेक्षा कमी असं लिहायला हात धजत नाही.

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, थिसिस चाळतात, एका टेबलापाशी थांबतात. "डॉक्टर, इथे ही टेस्ट का लावली?"

"सर, स्टॅटिस्टिशियन सरांनी लावली."

एक्स्टर्नल मान डोलावतात आणि पान उलटतात. त्यांचीही कुणीतरी लावूनच दिली होती.